डब्यावरची यादी आणि हातातला खेळ

हातात धरून खेळायची गेमिंग यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. पुण्यात छोटं दुकान आहे. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात, तिथे नाही मिळाले तर बाहेरून मागवावे लागतात. विकणाऱ्याला यंत्र कोरं दिसतं. माझ्याकडे येतं तेव्हा ते वापरून झिजलेलं असतं. त्यामुळे डब्यावर छापलेल्या सुविधांपैकी कोणत्या वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या आणि कोणत्या पहिल्या आठवड्यानंतर कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत, हे मला कळतं.

हल्ली दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न दुरुस्तीचा नसतोच. "काका, हे नवीन येतंय, यात सगळंच आहे. घेऊ का?" मुलं विचारतात, त्यांच्या मागे उभे असलेले आईवडीलही विचारतात. संगणकावरचे गेम चालवणारी ही यंत्रं पन्नास-साठ हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. २०२३ च्या जुलैमध्ये असूसचं 'आरओजी अलाय' भारतात आलं तेच ६९,९९० रुपयांना. एवढ्या पैशात घरातल्या दुसऱ्या दोन गरजा भागतात, म्हणून या प्रश्नाला 'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात उत्तर देणं मला पटत नाही. इथे ते सविस्तर देतो.

सुरू न झालेलं यंत्र

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आईबरोबर आला होता. त्याच्या हातातलं यंत्र परदेशातल्या एका छोट्या कंपनीचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. यंत्र बाजारात येण्याआधीच त्याने पूर्ण पैसे भरून नोंदणी केली होती. सुट्टीत काम करून साठवलेले पैसे होते, उरलेले आजोबांनी दिले होते. जाहिरातीत सगळं होतं: गेम, सिनेमे, व्हिडिओ कॉल, सिमकार्ड, दोन्ही बाजूंना कॅमेरे, टीव्हीला जोडायची सोय, शिवाय 'लवकरच येणाऱ्या' सुविधांची वेगळी यादी. यंत्र ठरलेल्या तारखेच्या कितीतरी नंतर आलं. 'लवकरच' म्हटलेल्या सुविधा आल्याच नाहीत. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात मोजके गेम होते, ते त्याने खेळून संपवले.

मग एकदा यंत्र अडकायला लागलं म्हणून त्याने ते पूर्ण रिसेट केलं. त्यानंतर सुरू केल्यावर यंत्र खात्यात लॉग-इन करायला सांगू लागलं. लॉग-इन तपासणारा सर्व्हर कंपनीचा, आणि कंपनी तोवर बंद झालेली.

मी यंत्र उघडलं. बोर्ड चांगला होता, बॅटरी पुरेसं व्होल्टेज देत होती, पडद्यावर डाग नव्हता, बटणं दाबली जात होती. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं. आई म्हणाल्या, "दादा, एखादा पार्ट मागवायचा असेल तर मागवा, पैशाचं आम्ही बघू." त्यांना मला सांगावं लागलं की पार्ट कुठलाच गेलेला नाही. मी चार्जिंग पोर्ट बदलू शकतो, पॉवर आयसी बदलू शकतो, फुटलेला पडदा बदलू शकतो. बंद पडलेली कंपनी बदलता येत नाही.

यंत्र शाबूत राहिलं आणि खेळ गेला. नव्या यंत्राकडे बघताना तेव्हापासून मी आधी हा प्रश्न विचारतो: याला जिवंत ठेवणारं यंत्राबाहेर काय काय आहे, आणि ते किती वर्षं टिकेल? सुविधांची यादी त्यानंतर.

सुविधा आणि खेळ यांचं जुनं भांडण

'सगळं एकात' ही कल्पना नवी नाही. गेली पस्तीस वर्षं ती पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी काय झालं याची नोंद आहे. ती वाचली तर पुढचा अंदाज बांधणं बरंच सोपं होतं.

१९८९ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला. पडदा काळा-पांढरासुद्धा नव्हता. हिरवट काचेवर चार छटा, मागे प्रकाश नाही. गुनपेई योकोई यांच्या चमूने तो घडवला. जुनं, स्वस्त झालेलं, नीट समजलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, हे योकोईंचं तत्त्व. त्याच वर्षी अटारीचं लिंक्स आलं, पुढच्या वर्षी सेगाचं गेम गिअर. दोन्हींचा पडदा रंगीत आणि मागून उजळलेला. गेम गिअरला तर वेगळं जोडून टीव्हीसुद्धा बघता यायचा. यादीत गेम बॉय दोघांच्या जवळपासही नव्हता. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचं, आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. प्रवासात, मुलाच्या हातात, सेल विकत घेणाऱ्या पालकाच्या खिशात फरक पडला तो तिथे. शिवाय त्याच्याकडे टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ होता. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून पावणेबारा कोटींच्या वर विकली गेली. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबलं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत विटा रचण्याचा तो स्वस्त हातातला गेम मिळायचा. डब्यावर हजारो गेम असल्याचं छापलेलं असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेग बदलून बदलून पुढे यायचे, आणि मुलं त्यातला ठोकळे रचायचा खेळ वर्षभर आवडीने खेळायची. छापलेल्या आकड्याचा आणि आनंदाचा संबंध किती थोडा असतो, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाने अनुभवलं आहे.

२००३ मध्ये नोकियाचं एन-गेज आलं. फोन, गेम, गाणी, रेडिओ, सगळं एकात, किंमत अमेरिकेत २९९ डॉलर. त्या काळात नोकियावर लोकांचा जो विश्वास होता तो पाहता ते चालायला हवं होतं. पण गेम बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागायची. फोनवर बोलताना यंत्राची कड कानाला लावावी लागायची. पडदा उभा, फोनसारखा, खेळायला अडचणीचा. दोन्ही कामं करणाऱ्या त्या यंत्राने दोन्ही कामं अवघड करून ठेवली. पुढच्या वर्षी सुधारित एन-गेज क्यूडी काढलं तेव्हा या चुका दुरुस्त केल्या, आणि त्याच वेळी एमपीथ्री आणि रेडिओ काढून टाकला. म्हणजे जी यादी दाखवून पहिलं यंत्र विकलं, तिच्यातलीच ओझी पुढच्या वर्षी उतरवावी लागली.

गिझमोन्डोची गोष्ट याहून कडू आहे. २००५ च्या मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये आलं. जीपीएस, कॅमेरा, मेसेज, गाणी, व्हिडिओ, गेम, त्या काळात मनात येईल ते सगळं त्यात होतं. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर त्याचं स्वतःचं दुकान होतं. जाहिराती पाहायला तयार असणाऱ्यांना कमी किमतीत यंत्र मिळणार होतं. ती जाहिरातींची यंत्रणा कधी सुरूच झाली नाही. गेम मूठभर निघाले. २००६ उजाडताच कंपनी दिवाळखोरीत गेली. बाजारातलं त्याचं आयुष्य पुरतं एक वर्षही भरलं नाही.

जी यंत्रं चालली ती का चालली

यावरून 'कमी सुविधा म्हणजे चांगलं यंत्र' असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. २००४ च्या अखेरीस आलेल्या सोनीच्या पीएसपीवर गेम होते, सिनेमे होते, गाणी होती, फोटो होते, इंटरनेट होतं. ते साडेसात कोटींहून जास्त विकलं गेलं. माझ्याकडे आजही पीएसपी दुरुस्तीला येतात. पण लोक ते गेमसाठीच ठेवून आहेत. सोनीच्या यूएमडी या छोट्या चकतीवरचे सिनेमे काही वर्षांतच बाजारातून गेले; चकतीवरचे गेम राहिले.

पुढचं पीएस व्हिटा, २०११ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आलेलं, हे माझ्या मते आजवरच्या सर्वांत देखण्या यंत्रांपैकी एक आहे. पडद्यावर स्पर्श, पाठीवरही स्पर्श, दोन कॅमेरे, वरच्या आवृत्तीत थ्री-जी. पण त्यात सोनीचंच वेगळ्या धर्तीचं मेमरी कार्ड लागायचं, आणि ते साध्या कार्डाच्या मानाने खूप महाग होतं. तोवर गाणी, कॅमेरा, इंटरनेट, नकाशा हे सगळं फोनने घेतलं होतं. मग व्हिटासाठी नवे मोठे गेम येणं कमी झालं, आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईकही कमी झालं. २०१९ मध्ये उत्पादन संपलं. पाठीवरच्या त्या स्पर्शपट्टीचा बिघाड घेऊन माझ्याकडे फारसं कुणी आलेलं आठवत नाही. ती बिघडली असती तरी बहुतेकांना कळलं नसतं, कारण तिला हात लावायची वेळच क्वचित यायची.

याउलट निन्टेन्डो स्विच. २०१७ च्या मार्चमध्ये ते आलं तेव्हा त्यात वापरण्याजोगा वेब ब्राउझर नव्हता, सिनेमे बघायचं ॲप नव्हतं, कॅमेरा नव्हता. तंत्रज्ञान जाणणाऱ्या अनेकांना ते अपुरं वाटलं. पण त्यात एक गोष्ट पक्की केली होती: टीव्हीवर खेळ चालू असताना यंत्र टीव्हीला जोडणाऱ्या खोबणीतून, म्हणजे डॉकमधून, उचलायचं आणि तोच खेळ तिथूनच पुढे हातात खेळायचा. हीसुद्धा बहुसुविधाच आहे, फक्त तिचा प्रत्येक भाग खेळाच्या कामी येतो. बाजूचे दोन कंट्रोलर सुटे होऊन दोघांना वाटून घेता येतात, तेही खेळासाठीच. १५ कोटींहून जास्त स्विच विकले गेले.

माझा निकष यातून तयार झाला. नवी सुविधा खेळाला मदत करते की खेळाकडून काही काढून घेते, हे बघायचं. ती बॅटरी खात असेल, वजन वाढवत असेल, किंमत वाढवत असेल, आणि तेच काम खिशातला फोन आधीच करत असेल, तर ती सुविधा यंत्राच्या आयुष्यात भर घालत नाही. फोन आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. नव्या यंत्राची स्पर्धा त्याच्याशी आहे, आणि फोनच्या कामांची नक्कल करून ती जिंकता येत नाही.

घेण्याआधी विचारायच्या गोष्टी

आता नेमकं काय बघायचं ते सांगतो. दुकानात मी हाच क्रम वापरतो.

पहिला प्रश्न खेळांचा: आज, या क्षणी, या यंत्रावर तुम्हाला खेळायचे असलेले कोणते गेम चालतात? कागद घ्या आणि नावं लिहा. 'येणार आहेत' असे गेम त्यात धरू नका. मुलगा मुख्यतः बीजीएमआय खेळत असेल तर तो फोनवरचा गेम आहे. त्यासाठी साठ-सत्तर हजारांचं यंत्र घेण्यात अर्थ नाही. व्हॅलोरंट खेळायचा असेल तर लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसच्या यंत्रावर तो चालत नाही, कारण फसवणूक रोखणारी त्याची यंत्रणा विंडोजच मागते. उलट स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या तुमच्या खात्यावर वर्षानुवर्षं घेतलेले गेम असतील, तर तेच गेम हातातल्या यंत्रावर येतात आणि पहिल्या दिवशी नव्याने काही विकत घ्यावं लागत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या, व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकला लोकांनी उचलून धरलं त्यामागे हे मोठं कारण आहे. तयार खेळांच्या साठ्यावर उभं असलेलं यंत्र आणि शून्यातून स्वतःचं दुकान मांडणारं यंत्र, यांच्या भवितव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. इथे जाहिरातीतला एमएएच आकडा एकट्याने काही सांगत नाही. एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॉट-तास मिळतात, आणि खरा हिशेब वॉट-तासांचा असतो. ५,००० एमएएच आणि ३.८५ व्होल्ट म्हणजे साधारण १९ वॉट-तास. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. जड गेम चालू असताना यंत्र सगळं मिळून २५ वॉट घेत असेल, तर ४० भागिले २५, म्हणजे दीड तासाच्या थोडं वर. कंपनी स्वतः दोन ते आठ तास सांगते. आठ तास हलक्या खेळांचे. पुणे-मुंबई प्रवासात पूर्ण वेळ मोठा गेम खेळता येईल असं गृहीत धरू नका. मोठी बॅटरी असलेलं यंत्र निवडलं तर वजन वाढतं. स्टीम डेक पहिल्या आवृत्तीत ६६९ ग्रॅम, स्विच लाइट २७५ ग्रॅम. वजन कागदावर कळत नाही. कुणाचं तरी यंत्र मागून घ्या, अर्धा तास हातात धरून बसा आणि मनगट काय सांगतं ते ऐका. लहान मुलासाठी घेत असाल तर हे टाळूच नका.

तिसरा प्रश्न मालकीचा: गेम विकत घेतला म्हणजे नेमकं काय मिळालं? निन्टेन्डोने थ्रीडीएस या आपल्या जुन्या यंत्राचं ऑनलाइन दुकान २०२३ च्या मार्चमध्ये विक्रीसाठी बंद केलं, पुढच्या वर्षी त्यावरचा ऑनलाइन खेळही थांबवला. सोनीने २०२१ मध्ये व्हिटाचं दुकान बंद करण्याची घोषणा केली आणि खेळाडूंनी विरोध केल्यावर ती मागे घेतली. या कंपन्या मोठ्या आहेत, आधी सूचना देतात, आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेऊ देतात. छोट्या कंपनीकडून एवढीही हमी नसते. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ साठी काही गेमच्या कार्डात गेम नसतोच. कार्ड म्हणजे नुसती किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा. जुना गेम पुढे विकायचा किंवा धाकट्या भावाला द्यायचा विचार असेल तर असं कार्ड देता येतं, पण गेम त्यालाही इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो.

यंत्र इंटरनेटशिवाय सुरू होतं का आणि पूर्ण रिसेट केल्यावर कंपनीच्या सर्व्हरशिवाय पुन्हा उभं राहतं का, हेही याच प्रश्नात येतं. विक्रेत्याला स्पष्ट विचारा. त्याला सांगता येत नसेल तर ते यंत्र आधीपासून वापरणाऱ्या कुणाला तरी विचारा.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत: ॲनालॉग स्टिकचा ड्रिफ्ट, सैल झालेलं चार्जिंग पोर्ट, दमलेली किंवा फुगलेली बॅटरी, पडल्यामुळे गेलेला पडदा, धुळीने भरलेला पंखा. ड्रिफ्ट म्हणजे बोट न लावता पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागणं. नेहमीच्या स्टिकमध्ये आत एक पट्टी घासली जाते, ती झिजली की हे होतं. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणारा भागच नसतो, म्हणून ती जास्त टिकते. घेताना स्टिक कोणती आहे हे विचारा. पडदा फसवं चित्र दाखवून मोह पाडतो, पण तीन वर्षांनी तुम्हाला दुकानात आणते ती स्टिक.

सुटे भाग मिळतात का हेही बघा. व्हॉल्व्हने स्टीम डेकचे भाग आयफिक्सिट या सुटे भाग विकणाऱ्या कंपनीमार्फत लोकांना मिळतील अशी व्यवस्था केली; दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. ज्या यंत्राचा पडदा कुणीच विकत नाही, ते एकदा पडलं की मला हात टेकावे लागतात.

पाचवा प्रश्न आपल्या देशाचा. निन्टेन्डो भारतात अधिकृत विक्री करत नाही, स्टीम डेकही इथे अधिकृतपणे मिळत नाही. बाजारात जे मिळतं ते बाहेरून आणलेलं. आणणारे सगळेच फसवे नसतात, माझे अनेक ओळखीचे व्यापारी वर्षानुवर्षं सचोटीने हे काम करतात. पण यात 'वॉरंटी' हा शब्द दुकानदाराचा असतो, कंपनीचा नसतो. त्यामुळे दुकानाचा शिक्का असलेलं पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या, दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची आणि कशाकशाची हे लेखी घ्या. वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. बिल नसेल तर या दोन्ही दारांत उभं राहणं अवघड होतं. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर बिघडल्यावर ते परत तिकडेच पाठवावं लागेल, हे आधी ठरवून ठेवा.

नोंदणी आणि पहिल्या लाटेविषयी

हातात येण्याआधी पूर्ण पैसे भरणं, यात सर्वांत जास्त धोका आहे असं मला वाटतं. स्मॅक झेड नावाचं संगणकाचे गेम चालवणारं यंत्र २०१४ मध्ये 'स्टीमबॉय' या नावाने जाहीर झालं, २०१६ मध्ये लोकांकडून वर्गणी घेऊन पैसे उभे केले, तारखा पुढे पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये ती स्पॅनिश कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या अनेकांना यंत्र कधी मिळालंच नाही. वर्गणी म्हणजे खरेदी नव्हे. ती मदत आहे, परत मिळेलच असं नाही. ती देणाऱ्याने तेवढ्याच तयारीने द्यावी. शिकणाऱ्या मुलाने देऊ नये, असं मी स्पष्टपणे सांगतो.

मोठ्या कंपनीचं यंत्रही पहिल्या दिवशी घेण्याची घाई नसावी. थ्रीडीएस २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आलं आणि सहा महिन्यांच्या आत त्याची किंमत १६९.९९ डॉलर झाली. आधी घेणाऱ्यांना भरपाई म्हणून निन्टेन्डोने वीस जुने गेम मोफत दिले. पण आज 'थांबा, स्वस्त होईल' असा सल्ला मी डोळे मिटून देत नाही. २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत जुन्या स्विचचीच किंमत वाढवली. थांबायचं ते किमतीसाठी नव्हे, माहितीसाठी. पहिले काही महिने गेले की कोणता भाग तापतो, कोणती स्टिक झिजते, कंपनी दुरुस्तीला हो म्हणते की टाळाटाळ करते, हे सगळं वापरणाऱ्यांकडून कळतं. ही माहिती फुकट मिळते आणि ती सवलतीपेक्षा जास्त पैसे वाचवते.

ज्यांनी घेतलं आहे त्यांच्यासाठी

यंत्र आधीच घरात असेल तर काही सवयी लावून घ्या. रिसेट करण्याआधी खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हातात आहेत याची खात्री करा. खेळाची प्रगती कुठे साठवली जाते ते बघा आणि दुसरीकडे प्रत ठेवता येत असेल तर ठेवा. खूप दिवस वापरणार नसाल तर बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा. पूर्ण रिकामी करून कपाटात टाकलेलं यंत्र बरेचदा माझ्याकडेच येतं. मागचं झाकण उचललं गेलंय किंवा पडदा मधून वर आलाय असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा. त्या क्षणी चार्जिंग बंद करा, झाकण दाबून बसवू नका, आणि ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात ती द्यायची असते. स्वस्तात मिळणारं हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड घेऊ नका. ते गेम बहुधा चोरीचे असतात, आणि असं कार्ड गेलं की त्यावर साठवलेली प्रगतीही जाते.

पुढे काय दिसतं

मला या यंत्रांचं भवितव्य चांगलं वाटतं. स्विच २ पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून जास्त विकलं गेलं. संगणक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आहेत. फोनने हातातल्या यंत्रांना संपवलं नाही. फोनने त्यांच्यावरचा नको तो भार उतरवला. कॅमेरा, नकाशा, गाणी, मेसेज ही कामं फोनकडे गेली आणि खेळ हे एकच काम उरलं, तेव्हापासून ही यंत्रं जास्त चांगली झाली आहेत.

म्हणून उद्या एखादं नवं यंत्र 'सगळंच आहे' म्हणत समोर आलं तर माझा अंदाज असा: ज्याच्याकडे पहिल्या दिवशी खेळायला भरपूर गेम आहेत, ज्याची बॅटरी त्या गेमना पुरते, ज्याचे भाग मिळतात, आणि जे त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशिवायही सुरू होतं, ते टिकेल. ज्यांत यातलं फारसं काही नाही, त्यांच्या यादीत कितीही ओळी असल्या तरी ती काही वर्षांत दुरुस्तीलाही उरणार नाहीत. या चारपैकी तीन उत्तरं 'हो' आली तर खुशाल घ्या आणि मनसोक्त खेळा. दोनच आली तर सहा महिने थांबा. एकच आलं, तर ते पैसे बँकेत राहू द्या आणि तुमच्या फोनवर किंवा घरातल्या संगणकावर एक चांगला गेम विकत घेऊन पूर्ण खेळा.